शेजारच्या खाटेला विचारा

आमच्या भागात माणूस मरायला टेकला तरी ‘बरं हाय’ म्हणतो. त्यात शौर्य-बिर्य काही नाही, नुसती रीत आहे. मोठ्या माणसानं ‘कसं काय?’ विचारलं की ‘बरं हाय जी’ म्हणायचं. दुसरं काही बोललं तर गाऱ्हाणं घातल्यासारखं होतं, आणि आपण काही तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभे नसतो. मीही याच रीतीत वाढले. नर्सिंगच्या शाळेत गेल्यावर या दोन शब्दांनी मला किती छळलं ते आता सांगायला बसले आहे, तर तेही कंटाळतच सांगते, कारण त्या दिवसांची नुसती आठवण आली तरी पिंडऱ्या भरून येतात.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. माझं गाव राणीसावरगावापासून कोसभर आत. लग्न लहानपणीच झालेलं, आणि नांदायला जायच्या आत नवरा पटकीत गेला. त्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही, पण कुंकू गेलं ते गेलंच. मामा गंगाखेडला होते, त्यांनी शाळेत घातलं. चौथीपर्यंत उर्दूत अलिफ-बे गिरवलं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि त्याच बाकावर बसून आम्ही पुन्हा ग-म-भ-न पासून सुरुवात केली. अशी दोन्हीकडची अर्धी अर्धी शिकत मी सातवी पास झाले आणि भावाच्या घरी परत आले.

भाऊ वाईट नव्हता. वहिनीही भाकरी मोजून वाढणारी नव्हती. पण घरात जागा तेवढीच, आणि मी तरणी. भावानं गोदावरीच्या काठाला मळीची जमीन असलेला एक बिजवर बघितला होता. त्याची बायको बाळंतपणाच्या दुखण्यात गेलेली, पदरात तीन लेकरं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यामुळं अडचण काही नव्हती. अडचण एकच, मला तो माणूस नको होता. तो बघायला आला तेव्हा माझ्याकडं न बघता भावाला म्हणाला, ‘कामाला कशी हाय?’ भाऊ म्हणाला, ‘कामाला वाघीण हाय.’ मी आतून ऐकत होते. बैल बघायला आलेला माणूससुद्धा निदान बैलाच्या तोंडाकडं बघतो.

गंगाखेडच्या माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंनी मामांकडं निरोप धाडला, की परभणीच्या एका दवाखान्यात नर्सिंगची शाळा आहे, सातवी पास मुली घेतात, विधवा चालतात, राहणं-जेवण आहे, पण आधी काही महिने अजमावून बघतात. भाऊ पहिल्यांदा भडकला. परक्यांची घाण काढायची का आपल्या घरच्या पोरीनं? मग मामांनी समजूत घातली. शेवटी भाऊ म्हणाला, ‘हे बघ बाई. मुदतीत त्यांनी तुला ठेवून घेतलं तर तुझं नशीब. न्हाई ठेवलं तर जेठाच्या आत पाट लावून देतो, मग कुरकुर चालायची न्हाई.’ मी ‘हाव’ म्हटलं.

मुलाखतीच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर एवढ्या बायकापोरी होत्या की मला वाटलं गावात साथ आली. सगळ्या उमेदवार होत्या. जिंतूरच्या, सेलूच्या, पाथरीच्या. कुणाच्या अंगावर इरकल लुगडं, कुणी बापाचा हात धरून, कुणी पोटाशी शिफारशीचा कागद घेऊन. माझ्याकडं मामा होते, आणि तेही उन्हानं पेंगत होते.

आत दोघं बसलेले. एक जुने डॉक्टर, हैदराबादकडचे, ते दखनीत बोलायचे. दुसऱ्या मेट्रनबाई, पुण्याकडून नव्यानंच बदलून आलेल्या, अगदी पुस्तकातली मराठी. त्यांनी विचारलं, ‘घरी कधी आजारी माणसाची सेवा केली आहेस का?’

मी म्हटलं, ‘न्हाई बाई. आमच्याकडं आजारी कुणी पडतच न्हाई. एकदम मरतंयच.’

डॉक्टर खो खो हसले. मेट्रनबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. मला अजून वाटतं, त्या हसण्यावरच माझी निवड झाली. माझं उत्तर मात्र मी खरंच दिलं होतं, त्यात गंमत काही नव्हती.

वीस जणी घेतल्या. सहा महिने अजमावून बघायचं आणि बाराच ठेवायच्या, असा नियम. म्हणजे जेवायच्या पंगतीत बसलं तरी शेजारणीच्या ताटाकडं बघताना मनात यायचं, ही राहणार का मी? असल्या विचारानं अन्न गोड लागत नाही. तसंही ते गोड नसायचंच.

काम काय होतं म्हणाल तर सगळंच होतं. वार्ड झाडायचा, फिनेलनं पुसायचा. हौदावरून पाणी आणायचं. मलमूत्राची भांडी धुवायची, ती उन्हात पालथी घालायची. पिचकाऱ्या आणि सुया स्टोवर उकळायच्या. चादरीचे कोपरे असे दुमडायचे की मेट्रनबाईंनी बोटानं ओढलं तरी सुटता कामा नयेत. सुटले तर सगळी खाट पुन्हा. औषधी पाण्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्या चिरांत मीठ-मिरची लागली की डोळ्यांत पाणी यायचं. दुपारी वर्ग. डॉक्टर इंग्रजीत हाडांची नावं सांगायचे, दखनीत समजावायचे आणि आम्ही मराठीत लिहून घ्यायचो. फिमर, टिबिया, फिबुला. मी बसल्या बसल्या झोपायची आणि पेन्सिल वहीवर रेघ ओढत जायची. एकदा डॉक्टर वाकून बघत म्हणाले, ‘ये कौन सी हड्डी है, बेटी?’ वर्ग हसला. मला तेव्हा हसूही आलं नाही आणि लाजही वाटली नाही, एवढा शीण होता. लाज वाटायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

आमच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर वालूरची एक मुलगी होती. तिला सगळ्या वालूरवालीच म्हणायच्या. बाप वारलेला, आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची, मागं दोन लहान बहिणी. बोलायची कमी, घोकायची फार. आंघोळीला जाताना फिमर, येताना टिबिया. कधी कुणाची चहाडी नाही, कधी कुणाला मदत नाही. मला ती मुळीच आवडत नव्हती. तिला मी आवडत होते की नाही, हे तिच्या तोंडावरून कळायची सोय नव्हती.

सकाळी डॉक्टर यायच्या आधी आमच्यातल्या एकीनं खाटेखाटेला जाऊन विचारायचं आणि मेट्रनबाईंना सांगायचं, असा रिवाज होता. माझी पाळी आली. मी विचारत गेले, ‘कसं हाय, माय?’ ‘बरं हाय.’ ‘तुमचं, मावशी?’ ‘बरं हाय बाई, तुमच्या कृपेनं.’ मी जाऊन सांगितलं, सगळ्यांचं बरं आहे. मेट्रनबाई खूश. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एका धनगराच्या म्हातारीच्या पोटाला हात लावला आणि ती अशी किंचाळली की पलीकडच्या वार्डातली माणसं दारात आली. पोट दगडासारखं झालेलं. तिला घाईघाईनं ऑपरेशनला वरच्या डॉक्टरांकडं हलवलं. वाचली बिचारी, पण त्या दिवशी माझी धडगत नव्हती.

मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावलं. ‘तीन दिवस तू मला सांगते आहेस, ती बरी आहे. तू तिच्याजवळ गेली तरी होतीस का?’

‘गेले होते, बाई. तिनंच सांगितलं, बरं हाय.’

‘मग ती खोटं बोलली?’

आता याला काय उत्तर द्यायचं? ती खोटं बोलली नव्हती. विचारलं म्हणून रीतीनं बोलली होती. पुण्याच्या बाईंना हे कसं सांगायचं, मला कळेना. मी म्हटलं, ‘आमच्याकडं असंच म्हणतात, बाई.’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडं काय म्हणतात ते शिकायला मी इथं आलेली नाही. अजून एकदा असं झालं तर घरी जायचं.’ मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. नदीकाठचा तो बिजवर माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसला, तिन्ही लेकरांसकट.

राग मला बाईंचा आला, म्हातारीचा आला, सगळ्या मुलुखाचा आला. तोंड उघडून दुखतंय म्हणायला काय जातं गं तुमचं? पण दुसऱ्या दिवशी रागारागातच मला युक्ती सापडली. मी एका बाळंतिणीला विचारलं, ‘कसं हाय?’ ती म्हणाली, ‘बरं हाय.’ मी नुसती तिथंच उभी राहिले, कारण पुढं चालायचाच कंटाळा आला होता. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. ‘हिचं काय बरं हाय? काल दुपारपसून थंडी वाजून ताप येतोय हिला. दात वाजायलेत. मला मनली सांगू नका, आन् वरून गोधडी बी माझीच पांघरली!’

बघा. स्वतःचं दुखणं सांगायला जीभ उचलत नाही, पण शेजारणीचं विचारा, सगळी कुंडली मांडून देतील. त्या दिवसापासून मी खाटेवरच्या बाईला तिचं स्वतःचं विचारणं सोडूनच दिलं. पहिलीला दुसरीचं विचारायचं, दुसरीला तिसरीचं. ‘ही रात्री किती पाणी प्याली?’ ‘ही परसाकडं किती वेळा गेली?’ धडाधड खबर. कुणी लपवलेली भाकर, कुणी थुंकून टाकलेली गोळी, कुणाला कुठं सूज, सगळं. उलट्या बाजूनं भांडणंही व्हायची. ‘तू माझं सांगितलंस का? थांब, तुझं सांगते!’ तेवढ्या भांडणातनं अजून दोन दुखणी बाहेर यायची.

मेट्रनबाईंच्या ते लक्षात आलं. एका सकाळी त्यांनी विचारलं, ‘तुला एवढं सगळं कसं कळतं?’ मी सांगितलं. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे शेजारच्या खाटेला विचारायचं.’ म्हटलं, ‘हाव बाई. तिथं खोटं न्हाई.’ त्यांनी ते बाकीच्या मुलींनाही सांगितलं. मला वाटलं, आता माझी जागा पक्की. वालूरवालीसुद्धा त्या दिवशी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत होती.

मग चैत्र लागला आणि परभणीचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. वार्डातला पत्रा दुपारी हात लावू देत नसे. महिन्यावर मुदत आलेली. तशात मला ताप यायला लागला. पहिल्यांदा वाटलं उन्हानं असेल. मग जीभ पांढरी झाली, डोकं सारखं ठणकायला लागलं, भाताचा वास आला तरी मळमळायचं. नियम मला पाठ होता. अजमावायच्या मुदतीत जी मुलगी आजारी पडून आठवड्याच्यावर अंथरुणाला खिळेल तिला घरी धाडायचं, कारण हे काम कमजोर तब्येतीचं नाही. मी ठरवलं, पडायचं नाही. खाटेची कड धरून झाडायचं, भिंत धरून चालायचं. कुणी बघत नसताना हौदाचं पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं. चार-पाच दिवस असे काढले. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की फरशी मला लय चांगली दिसायची. वाटायचं, इथंच निजावं.

एका सकाळी हजेरीला आम्ही रांगेत उभ्या होतो. मेट्रनबाई एकेकीची नखं बघत येत होत्या. माझा हात हातात घेतला आणि तशाच थांबल्या. ‘हात गरम लागतोय. तुला बरं नाही का?’

मी म्हटलं, ‘बरं आहे, बाई.’ पुस्तकातल्या मराठीत म्हटलं. आवाजही बरा लागला.

त्यांनी माझा हात सोडला. मला वाटलं, सुटले. त्या पुढं गेल्या, वालूरवालीसमोर उभ्या राहिल्या, पण तिची नखं काही बघितली नाहीत. माझ्याकडं मान करून तिला विचारलं, ‘हिचं कसं आहे?’

आत्ता गं बाई! माझीच युक्ती. वालूरवाली समोर बघत होती. तिला ठाऊक होतं मी गेले तर एक जागा सुटणार, आणि मला ठाऊक होतं की तिला ते ठाऊक आहे. ती मागच्या चाचणीत काठावर होती. मी तिच्याकडं असं बघितलं की माणसाला पाझर फुटावा. म्हण, एवढंच म्हण. दोनच शब्द आहेत.

ती म्हणाली, ‘पाच दिवस ताप हाय, बाई. अन्न जात न्हाई. काल मोरीत पडली होती, मी उठवली.’

त्यानंतर मला कुणी धरलं, कुणी उचललं, काही माहीत नाही. मुदतीचा ताप निघाला, म्हणजे टायफॉइड. ज्या वार्डात मी झाडायची तिथंच मला निजवलं. शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई डॉक्टरांना माझं सगळं सांगत होती, आणि मला तिचा गळा दाबावासा वाटत होता. वालूरवाली माझं अंग पुसायला यायची. तिची पाळी असायची म्हणून यायची. मी तोंड भिंतीकडं करायची. एकदा मी म्हटलं, ‘मेले असते तर बरं झालं असतं.’ ती पाणी पिळता पिळता म्हणाली, ‘मेलीच असतीस.’ आणि पाठ पुसायला लागली.

मुदत संपली. बारा जणी ठेवल्या, त्यांत ती होती. मी नव्हते. डॉक्टर म्हणाले, ‘अजून दोन दिवस उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं.’ मला त्याचं काही वाटलं नाही. भाऊ गाडी घेऊन न्यायला आला, मला बघून दारातच मटकन बसला. मेट्रनबाई त्याला म्हणाल्या, ‘दिवाळीनंतर पुढची तुकडी आहे. तब्येत भरली तर पाठवा. मुलाखत मात्र पुन्हा द्यावी लागेल.’ भाऊ ‘बघू’ म्हणाला. त्याच्या ‘बघू’चा अर्थ मला माहीत होता.

घरी आल्यावर माझे केस जायला लागले. मुदतीच्या तापानं जातात. विंचरायला घेतलं की फणीत झुबके. शेवटी वहिनीनं रडत रडत उरलेले कात्रीनं कापून टाकले. जेठ तोंडावर आला तसा बिजवर बोलणी पक्की करायला आला. मी पाणी घेऊन गेले. डोक्यावरचा पदर जरा घसरला, मी मुद्दाम घसरू दिला असं वहिनी म्हणते, पण मला तेवढी हुशारी तेव्हा नव्हती. त्यानं या खेपेला माझ्याकडं नीट बघितलं. टाळू दिसत होती, हात काडीसारखे, गालफडं बसलेली. पाणीसुद्धा प्यायला नाही. बाहेर जाऊन भावाला म्हणाला, ‘एक दुखणेकरी मी पोचवलीय. दुसरी कशाला घेऊ?’ मी आतल्या खोलीत जाऊन टकलावर पदर ओढला आणि पोट धरधरून हसले, आणि मग बराच वेळ रडले.

दिवाळीनंतर पुन्हा ओसरी, पुन्हा तसलीच गर्दी. मला घेतलं. वालूरवाली आता माझ्याहून वरच्या वर्गात. ती वार्डात आली की मला उठून उभं राहावं लागायचं. मी उभी राहायची, पण तिच्याकडं बघायची नाही. तीन वर्षं मी तिच्याशी कामापुरतं बोलले. पास झाले, नोकरी लागली, या गावाहून त्या गावी बदल्या झाल्या. राग काही गेला नाही. कुणी तिचं नाव काढलं की मी म्हणायची, जागेसाठी माझा गळा कापला तिनं.

पुढं एकदा गंगाखेडच्या दवाखान्यात आमची दोघींची एकत्र बदली झाली. दोघींचे केस पांढरे व्हायला लागलेले, दोघींचे पाय संध्याकाळी सुजायचे. एका दुपारी आम्ही पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. किती दिवस डोक्यात घेऊन फिरायचं म्हणून मी विचारूनच टाकलं. ‘खरं सांग. त्या दिवशी बाईंना सांगितलंस ते माझा जीव वाचावा म्हणून, का जागेसाठी?’

तिनं हातातली पट्टी पुरी गुंडाळली.

‘दोनीसाठी,’ ती म्हणाली. ‘मागं आई आन् दोन बहिणी होत्या, जागा मला पायजेच होती. आन् तू मरायलीस, ते बी दिसत होतं. नुसतं तुझ्यासाठी असतं तर मी सांगितलं नसतं बहुतेक. तू तसं बघायलीस माझ्याकडं, जीभ वळली नसती.’

मी तिला एक सणसणीत शिवी घातली. ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग तिनं पट्ट्यांची टोपली एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही वार्डात गेलो.